दुखण्याविषयी बोलायलाही शिकवा: फिजिओथेरपीच्या शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
सांगली, मिरज, कराड आणि सातारा इथल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांतले सर्व शिक्षक व परीक्षक

स. न. वि. वि.

मी सांगलीत गेली वीस-बावीस वर्षं प्रॅक्टिस करते. तुमच्याकडून पास होऊन आलेली मुलंमुली अधूनमधून माझ्या हाताखाली काम करतात. मुलं हुशार असतात. कुठला स्नायू कुठून निघतो, कुठे जाऊन चिकटतो, त्याला कुठली नस जाते, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. सांध्याचा कोन मोजायचं गोनिओमीटर नीट धरतात, मशीनची पॅडं जिथल्या तिथं लावतात. आणि मग समोरचा माणूस विचारतो, "म्याडम, ह्ये दुखायचं कधी थांबणार वो?" त्यासरशी मुलं आधी रिपोर्टकडे बघतात, मग मशीनकडे, मग माझ्याकडे. त्या माणसाकडे काही बघत नाहीत.

दोष त्यांचा नाही, म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. 'कम्युनिकेशन'चा तास असतो, मला ठाऊक आहे. त्याच्या स्लाइड्सही पाहिल्या आहेत. डोळ्यांत बघून बोला, हसतमुख राहा, सहानुभूती दाखवा. हे सगळं बँकेच्या काउंटरवरच्या माणसालाही लागू पडतं. आपली अडचण वेगळी आहे. ज्याला दुखतंय, जो घाबरलाय, ज्याचा रोज बुडतोय, ज्याच्यावर घरच्यांचा विश्वास नाही, त्याच्याशी दुखण्याविषयी खरं कसं बोलायचं? हे कसब आहे, ते शिकवता येतं, आणि जे परीक्षेला येतं तेच मुलं शिकतात हे तुम्हाला मी काय सांगावं!

साध्या गोष्टीपासून सुरुवात करते. "शून्य ते दहामध्ये दुखणं किती?" हा प्रश्न प्रत्येक केसपेपरवर असतो. कवठेमहांकाळकडच्या एका आजींना माझ्याकडच्या मुलीनं तो विचारला. आजी म्हणाल्या, "लई." मुलीनं परत समजावलं: शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आजींनी जरा विचार केला. "सहन होत न्हाई, पण करतीया की." मुलीनं पेपरवर आठ लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळली. आजींनी त्या एका वाक्यात सगळी केस सांगून टाकली होती. दुखणं मोठं आहे आणि काम थांबलेलं नाही. पुढचा प्रश्न तिथूनच निघायला हवा होता: काय काय करताना सहन करावं लागतं? पाण्याचा हंडा उचलताना? एसटीची पायरी चढताना? रात्री कुशीवर वळताना? पंधरा दिवसांनी आठाचे सहा झाले का, हे आजींना सांगता येणार नाही. दांड्याला न लोंबकळता पायरी चढता आली का, हे त्याही सांगतील आणि बरोबर आलेली नातही सांगेल. आकडा लिहा, माझी ना नाही, पण तिथंच थांबू नका.

दुसरं, ऐकणं. १९८४ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. पेशंट तक्रार सांगायला लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मधेच तोडतात, असं त्यात दिसलं. पुढे २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बाह्यरुग्ण विभागात उलटं करून पाहिलं. डॉक्टरांनी मधे बोलायचं नाही, नुसतं घड्याळ लावायचं. पेशंट आपणहून थांबले ते सरासरी ९२ सेकंदांत, आणि चारांतले तीन जण दोन मिनिटांच्या आत. आपल्याकडची माणसं जरा पाल्हाळिक, मान्य आहे. पाऊस, सोयरीक, उसाचं बिल सगळं करून मग कमरेवर येतात. पण आपल्याला हवं असतं ते बहुतेक वेळा त्या पाल्हाळातच सापडतं. "थोरल्याचं लगीन झाल्यापास्नं दुखाय लागलंय" असं कुणी म्हणालं, तर लग्नात जड उचलाउचल झाली का, लग्नाचं कर्ज डोक्यावर आहे का, की सून आल्यावर घरातलं काही बदललं, हे तीन वेगळे रस्ते आहेत. आपण "कधीपासून?" विचारून 'दोन वर्षं' लिहितो आणि तिन्ही रस्ते बंद करतो.

आता खरा अवघड प्रसंग. मिरजेहून स्कॅन करून माणूस ती मोठी पिशवी काखेत मारून येतो. पिशवीत फिल्म, आत इंग्रजीतला रिपोर्ट, आणि तो रिपोर्ट मुलानं एसटीत बसल्या बसल्या मोबाइलवर शोधून वाचलेला. एल-४ एल-५ ला डिस्क बल्ज (म्हणजे कमरेच्या मणक्यांमधली गादी फुगलेली), थीकल सॅकवर (नसांभोवतीच्या पिशवीवर) दाब, डीजनरेटिव्ह (झिजेचे) बदल. माझ्याकडे येईपर्यंत घरात ठरून गेलेलं असतं की मणक्यात गॅप पडलाय. वडील वाकायचे बंद झालेले, बादलीला हात लावत नाहीत, पट्टा बांधूनच झोपतात. खुर्चीत टेकायच्या आधी पहिला प्रश्न येतो: "गॅप भरून निघंल का?"

आपला नवा पोरगा इथे काय करतो? फिल्म उजेडाला धरतो आणि म्हणतो, "हे बघा, इथं नस दबलीय. पुढं वाकायचं नाही. जड उचलायचं नाही. खाली बसायचं नाही." त्याला वाटतं आपण काळजी घेतोय. पण जो माणूस जनावरांचं करतो, उसाला पाणी देतो, त्याला 'वाकू नका' म्हणून सांगितलं की त्याच्या हातातलं सगळंच काढून घेतलं. आणि माणसं आपलं ऐकतात हो! २०१३ साली न्यूझीलंडमध्ये कंबरदुखीच्या लोकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा हेच पुढे आलं. उपचार करणाऱ्यानं सहज टाकलेलं वाक्य लोक वर्षानुवर्षं धरून बसले होते. जपून राहा, सांभाळा, असं ऐकलेली माणसं भिऊन हालचाल कमी करून बसली होती. धीराचं बोलणंही तितकंच टिकलं होतं, हेही त्यात आहे. ते आपण विसरतो.

मुलांना आकडे पाठ असतात. २०१५ मध्ये ३३ अभ्यास एकत्र करून तीन हजारांवर लोकांचे स्कॅन पाहिले गेले. या लोकांना कंबरदुखी नव्हतीच. तरी विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. फुगलेली गादी विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६०. सेमिनारमध्ये हे फाडफाड सांगतात. पेशंटसमोर मात्र तोंडाला कुलूप, कारण टक्के सांगून काय होणार? मी बाहेरच्या बाकड्याकडे बोट दाखवते. "तुमच्या वयाची दहा माणसं, कंबर न दुखणारी, त्या बाकड्यावर बसवली आणि सगळ्यांची फिल्म काढली, तर आठ जणांच्या रिपोर्टात ही झीज लिहून येईल." माणूस बाकड्याकडे बघतो, क्षणभर थांबतो आणि हमखास विचारतो, "मग मलाच का दुखतंय?"

हा प्रश्न आला म्हणजे बोलणं रुळावर आलं. त्याचं उत्तर तोंडानं देण्याआधी हातानं द्यायचं. टाचांवर चालवा, चवड्यांवर चालवा, पायाचा अंगठा वर ओढायला लावा, गुडघ्याखाली हातोडी मारा, कापूस फिरवा. आणि जे सापडेल ते त्याच वेळी, त्याला ऐकू जाईल असं बोला. "अंगठ्यात जोर आहे बघा. टाचांवर व्यवस्थित चालला. दोन्ही पायांना कापूस सारखाच लागतोय. म्हणजे पायाकडं जाणाऱ्या नसा आपलं काम करतायत." आपण हे सगळं तपासतो, इंग्रजीत भराभरा लिहून ठेवतो आणि पेशंटला काहीच सांगत नाही. तो आपल्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत पडून राहतो. तपासणीत चांगलं काय सापडलं, हे सांगायचं राहूनच जातं. वाईट तेवढं रिपोर्टात छापून आलेलं असतंच.

मग दुखण्याचं. मी वस्तीवरच्या कुत्र्याची गोष्ट सांगते. राखणीचं कुत्रं चोर आला की भुंकतं. पण एकदा चोरी होऊन गेली की तेच कुत्रं पुढे चार महिने पान हललं तरी भुंकतं. भुंकतं ते खरंच, पण दर वेळी चोर असतोच असं नाही. वाळवा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं हे ऐकून विचारलं, "मग त्याला गप कसं करायचं?" तिथून व्यायामाचा विषय आपसूक निघाला. रोज थोडं वाकायचं, उद्या जरा जास्त, आणि काही मोडत नाही हे त्याच्या लक्षात येऊ द्यायचं. 'मशीन लावा की वो' हा हट्टही त्या दिवशी झाला नाही. एरवी होतो. होऊ दे. शेकानं बरं वाटत असेल तर दहा मिनिटं शेक द्यावा आणि शेक चालू असतानाच बोलावं. माणूस पालथा पडलेला असतो, कुठे जात नाही.

इथे एक सावधगिरी. वेदनेचं नवं शास्त्र नुकतंच वाचलेली मुलं दुसऱ्या टोकाला जातात. "दुखणं मेंदूत तयार होतं" असं थेट सांगून मोकळी होतात. खोलीत त्याचा अर्थ एकच निघतो: तुम्ही नाटक करताय. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आयएएसपी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा तिच्या खाली टिपा जोडल्या. माणूस 'मला दुखतंय' म्हणाला की त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, ही त्यातलीच एक. व्याख्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारली जाते. त्या टिपेवर कुणी प्रश्न विचारतं का?

तिचा उपयोग कुठे होतो ते सांगते. तासगावकडची पंचविशीतली सून. द्राक्षबागेत मांडवाखाली हात वर करून दिवसभर घडांची विरळणी, मग डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं. मान आणि दोन्ही खांदे धरलेले. सगळे रिपोर्ट नॉर्मल. बरोबर सासूबाई. मी विचारते सुनेला, उत्तर येतं सासूबाईंकडून. "रिपोर्टात काय न्हाई, तरी म्हणतीया दुखतंय." माझी असिस्टंट उत्साहानं म्हणाली, "हो, सगळं नॉर्मल आहे, काळजीचं कारण नाही!" तिनं चांगली बातमी दिली होती. त्या खोलीत मात्र तो सुनेविरुद्धचा पुरावा झाला. अशा वेळी बोलायचं ते सासूबाईंशी. "मावशी, रिपोर्ट चांगला आला म्हणजे मोठा आजार नाही, हे बरंच झालं. पण असलं दुखणं फिल्ममध्ये दिसत नसतं. दिवसभर हात वर धरून काम केलं तर माझीही मान धरेल. तुम्ही केलंय की हे काम, तुम्हाला माहीत नाही का?" त्यांनी केलेलं असतंच. बऱ्याचदा त्यांचीही मान दुखत असते आणि ती कुणी विचारलेली नसते.

सुनेशी एकटीनं बोलायचं असेल तर 'तुम्ही जरा बाहेर बसा' म्हणून भागत नाही, घरी गेल्यावर त्याची चौकशी होते. मी म्हणते, "चल, जरा चालून दाखव," आणि बोळातून गेटपर्यंत जाऊन येते. तेवढ्यात विचारून होतं: झोप लागते का? जेवण जातं का? सगळं नकोसं होतं का? घरात कुणी हात उचलतं का? उत्तर 'हो' आलं तर तिथे भाषण करायचं नाही. ऐकायचं, 'हे तू सांगितलंस ते बरं केलंस' म्हणायचं आणि ही गोष्ट माझ्याकडून घरात जाणार नाही असं सांगायचं. तिला चालणार असेल तर व्यायामाच्या कागदाच्या कडेला नुसते आकडे लिहायचे, कशाचे ते न लिहिता. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, महिला हेल्पलाइनचा १८१. आपण मानसोपचारतज्ज्ञ नाही, पण दर दोन दिवसांनी अर्धा तास त्या बाईच्या मानेला हात लावणारी माणसं आपणच आहोत. इतका वेळ तिला दुसरं कोण देतं? आणि 'टेन्शन घेऊ नका' हे वाक्य मुलांच्या तोंडातून कायमचं काढून टाका. त्यानं आजवर कुणाचं टेन्शन कमी झालेलं मी पाहिलेलं नाही.

हमालांचं वेगळं. मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात तेव्हा हमाल माझ्याकडे येत नाही. सौदे थंडावले की येतो, नाहीतर उभंच राहता येईना म्हणून कुणीतरी आणून सोडतं. त्याला 'पंधरा दिवस पूर्ण विश्रांती' लिहून दिली की तो मान डोलावतो, कागद खिशात घालतो आणि दुसऱ्या दिवशी यार्डात हजर होतो. मजुरी पोत्यावर असते, खाटेवर नाही. पुढच्या वेळी तो सांगतो विश्रांती घेतली, आपण सांगतो सुधारणा आहे, आणि दोघेही एकमेकांना फसवत बसतो. म्हणून पहिला प्रश्न हा: "उद्या कामावर जाणार ना?" दटावून नाही, चहा घेणार का विचारावं तसं. 'जावं लागंल' म्हणाला की पुढचं बोलणं खरं होतं. पोतं ट्रकच्या फाळक्यावरून पाठीवर घेता की जमिनीवरून? जमिनीवरचं आठवडाभर जोडीदार उचलेल का? टोळीत पोती शिवायचं, काट्यावरचं काम चार दिवस मिळेल का? मुकादमाशी मी फोनवर बोलू का? कंबरदुखीत माणसाला अंथरुणावर टाकू नका, जमेल तेवढं हलतं ठेवा, असंच आता सगळीकडच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे हमाल आणि शास्त्र एका बाजूला, 'बेड रेस्ट'चा कागद दुसऱ्या बाजूला.

पण हे प्रश्न विचारायला काम माहीत पाहिजे. होस्टेलवर राहणाऱ्या मुलीनं भांगलण कधी पाहिलेली नसते. 'खाली बसायचं नाही' असं ती सरसकट सांगते, कारण पुस्तकात गुडघ्याच्या झिजेखाली तसं लिहिलंय. बाई मनात म्हणते, ही काय आता माझं तण काढायला येणार? त्याऐवजी 'सरी संपली की उठा, कमरेवर हात ठेवून दोनदा मागं वाका, पुढच्या सरीला दुसरा गुडघा टेका' असं सांगितलं तर ती करून बघते. ऊसतोडीच्या टोळ्यांचं तर विचारूच नका. मुकादमाची उचल अंगावर, खाडा पडला तर पैसे कापले जातात, आणि गाळप संपलं की माणूस बीडकडे परत. त्याला 'बारा सिटिंग', म्हणजे उपचाराला बारा वेळा या, असं सांगून काय करता? एकाच भेटीत जे सांगता येईल ते सांगायचं.

सिटिंगवरून आठवलं. पैशाचं आणि वेळेचं बोलणं आपण सगळेच टाळतो. डायबेटिस असलेल्या पन्नाशीच्या बाईचा खांदा आखडला तर त्यात महिने जातात, वर्ष-दीड वर्षही जातं, काहींना त्याहून जास्त. हे पहिल्या दिवशी सांगितलं तर पेशंट सात दिवसांत बरं करणाऱ्याकडे जाईल, अशी भीती असते. जातोही. जाऊ द्या. पण नुसता आकडा फेकू नका, वाट दाखवा: आधी रात्रीचं ठणकणं कमी होईल, मग वेणी घालता येईल, मग पाठीमागचा हूक लागेल, वरच्या फळीवरचा डबा सगळ्यात शेवटी. आणि साखर आटोक्यात ठेवा, हे लाजून न बोलता सांगा. व्यायामानं दुखणं वाढल्याची तक्रार घेऊन माणूस चिडून येतो, त्याचंही तसंच. 'उद्या जरा अंग दुखेल, दिवसभरात उतरलं तर ठीक, नाही उतरलं तर निम्मं करा' हे आदल्या दिवशी सांगितलेलं असेल तर चिडायला कारण उरत नाही.

आणखी एक बोलणं आहे, ज्यात लाजून चालत नाहीच. कंबरदुखीच्या पेशंटला लघवी-संडासाचं विचारणं. कॉडा इक्विनाची, म्हणजे मणक्याच्या खालच्या टोकाचा नसांचा गुच्छ दबल्याची, लक्षणं मुलांना तोंडपाठ, पण समोर साठीचे पाटील बसले की बावीस वर्षांची मुलगी 'बाकी काही त्रास?' एवढं विचारून सोडून देते. पाटील म्हणतात, काही नाही. मुलींना सरळ मराठी वाक्यं द्या आणि वर्गात मोठ्यानं म्हणवून घ्या. "सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागात बधिरपणा आलाय का? संडासला जाऊन धुताना हात लागलेला कळतो का? लघवी सुरू करायला जोर लावावा लागतो का, न कळत होते का?" यातलं काही नव्यानं सुरू झालं असेल तर ते त्याच दिवशी सर्जनकडे जायला हवं, उद्या नाही. तसंच संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेलं वजन आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे, त्याला शेक देत बसायचं नाही. इथे बोलण्याची पंचाईत अशी की परत डॉक्टरांकडे पाठवलं की पेशंटला वाटतं, हिनं हात झटकले. मी त्याच्या समोर डॉक्टरांना फोन लावते, काय सापडलं ते सांगते आणि फोन ठेवल्यावर म्हणते, "तपासून झालं की परत माझ्याकडेच यायचंय." एवढ्यानं फरक पडतो.

डॉक्टरांचं निघालंच आहे तर थोडं अवघड बोलते. चिठ्ठीवर 'कम्प्लीट बेड रेस्ट, ट्रॅक्शन' (पूर्ण विश्रांती आणि कंबर ताणून धरणं) लिहून आलेलं असतं आणि मुलांना ते पटत नसतं. मग एक तर मुकाट्यानं ट्रॅक्शन लावतात, नाहीतर पेशंटसमोर तोंड वाकडं करतात. दोन्हीत नुकसान पेशंटचं, कारण दोन दवाखान्यांत दोन गोष्टी ऐकलेला माणूस तिसरीकडे जातो. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या नावापुढे 'डॉ.' लावायचं की नाही, यावर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं आणि लगेच मागेही घेतलं गेलं. त्या दोन दिवसांत आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जेवढी अक्षरं खर्ची पडली, त्याच्या दहाव्या हिश्श्यात चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना दोन ओळींचा नम्र निरोप कसा लिहावा हे शिकवून झालं असतं. 'आपल्या पेशंटच्या पायात ताकद पूर्ण आहे, बधिरपणा नाही, चालण्यापासून सुरुवात केली तर चालेल का?' असं विचारल्यावर 'नाही' म्हणालेले डॉक्टर मला फार भेटलेले नाहीत.

तर मागणं काय? प्रॅक्टिकलच्या परीक्षेत लाँग केसच्या, म्हणजे एका पेशंटच्या सविस्तर तपासणीच्या, आधी पाच-सात मिनिटं नुसत्या बोलण्याला द्या. परीक्षकानं मागे स्टुलावर बसायचं, मधे पडायचं नाही. विद्यार्थ्यानं पेशंटला पुरतं बोलू दिलं का, भीती कशाची आहे हे विचारलं का, तपासताना सापडलेलं त्याला सांगितलं का, एवढंच बघायचं. शेवटी विद्यार्थ्यानं पेशंटला एक प्रश्न विचारायचा: "घरी गेल्यावर विचारतील, म्याडम काय म्हणाल्या, तर काय सांगाल?" यावर पेशंट जे बोलेल त्याला निम्मे मार्क. 'गॅप हाय म्हणाल्या' असं उत्तर आलं तर ते मार्क गेले, विद्यार्थ्यानं बाकी कितीही छान सांगितलेलं असो. पेशंटनं मार्क द्यायचे हे काहींना रुचणार नाही, याची कल्पना आहे. पण घरी जाऊन ते वाक्य घेऊन जगणार तोच आहे.

आणि तुम्ही स्वतः ओपीडीत अवघड पेशंटशी बोलता, तेव्हा मुलांना बाजूला उभं करा. मुलं स्लाइडवरून काही उचलत नाहीत, सरांचं बघून उचलतात. ओपीडीत सरांनीच फिल्म उजेडाला धरून 'पाठीचं काही खरं नाही' म्हटलं, तर माझ्याकडे येऊन मुलगा तेच म्हणणार.

माझ्याकडून एवढं करू शकते: इंटर्नशिपच्या मुलांना दोघा-दोघांच्या जोडीनं पाठवा, संध्याकाळी चारनंतर क्लिनिकमध्ये बसू देईन. अट एकच, पहिला आठवडा मशीनला आणि पेशंटला हात लावायचा नाही, नुसतं ऐकायचं आणि घरी जाऊन पेशंटची वाक्यं जशीच्या तशी मराठीत लिहून आणायची. सौद्यांच्या दिवसांत एका सकाळी त्यांना यार्डातही नेईन, ओळखीचे दोघे-तिघे हमाल आहेत, पोतं कसं घेतात ते दाखवतील. शिक्षकांपैकी कुणाला यायचं असेल तर आनंदच आहे. लवकर या, दहानंतर तिथं उभं राहायला जागा मिळत नाही.

आपली,
सांगलीतली एक फिजिओथेरपिस्ट